वाफेच्या बोटींना नदीच्या तळाशी साखळी कशाला लागायची?

तुम्ही विचारलंय, वाफेचं इंजिन असताना जर्मनीत नदीच्या तळाशी साखळी टाकून मालाचे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या होड्या, का ओढत होते? मी कोल्हापूरचा. मला याचं उत्तर पंचगंगेच्या काठावरच मिळालं.

लहानपणी मामाच्या गावाला जायचं तर नावेनं नदी ओलांडावी लागे. या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधलेला असायचा. पाण्याला ओढ असली की नावाडीमामा वल्हं बाजूला ठेवून दोन्ही हातांनी दोर ओढत नाव पुढं न्यायचे. ओला दोर करकरायचा, पाणी त्यांच्या कोपरापर्यंत निथळायचं. वल्हं मारताना निम्मा जोर पाणी मागं ढकलण्यातच जातो. दोर मात्र जागचा हलत नाही, सगळा जोर नावेलाच लागतो.

वाफेच्या बोटीचंही तेच. संथ पाण्यात तिला काही अडचण नव्हती. 1803 साली स्कॉटलंडच्या कालव्यात विल्यम सिमिंग्टनच्या ‘शार्लट डंडास’ बोटीनं 70-70 टनांचे दोन बार्ज, समोरून जोराचा वारा असताना, सव्वानऊ तासांत सुमारे 30 किलोमीटर ओढत नेले. लाटांनी कालव्याचे काठ ढासळतील या भीतीनं तो प्रयोग पुढं बंद पडला, याची मला फार हळहळ वाटते.

पण उथळ आणि जोरात वाहणाऱ्या नदीत प्रवाहाविरुद्ध जायचं तर बोटीची वल्ह्यांसारखी पाणी मारणारी चाकं नुसतंच पाणी घुसळतात. म्हणून साखळी आली. ती पात्राच्या तळाशी लांबवर पसरलेली असायची. बोटीच्या पुढच्या टोकावरून ती वर यायची, इंजिनानं फिरणाऱ्या दोन रुळांना वेढे घेऊन मागच्या बाजूनं पुन्हा पाण्यात जायची. म्हणजे नावाडीमामांचे हातच, फक्त वाफेचे. जर्मनीतल्या एल्बे नदीवर 1866 साली मॅग्डेबुर्ग शहरात सुरुवात झाली, ती पण पुलापाशी प्रवाह जोराचा होता म्हणून. पुढं हॅम्बुर्गपासून बोहेमियापर्यंत (म्हणजे आजच्या चेक देशापर्यंत) 668 किलोमीटर साखळी पडली. माइन नदीवरच्या अशा बोटींचा भोंगा हंबरल्यासारखा वाजे, म्हणून तिथले लोक त्यांना ‘माइनची गाय’ म्हणायचे!

दोन बोटी समोरासमोर आल्या की मात्र पंचाईत, कारण साखळी एकच. एकीला ती सोडावी लागे, त्यात बराच वेळ मोडे. रेल्वेनं मालही पळवला. शेवटी बऱ्याच नद्यांवर बंधारे आणि जलपाश (बोटींना बंधाऱ्यापाशी वर-खाली नेणारी दारांची कुंडं) झाले. आपल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यामागं पाणी कसं तुंबून संथ होतं, तसं तिथंही झालं. खोली वाढली, ओढ कमी झाली, आणि पाण्याखालच्या पंख्यानं चालणाऱ्या साध्या बोटी तेच काम स्वस्तात करू लागल्या.