ताम्हिणीची वळणं आणि फराळाचे डबे

प्रश्न : भाऊबीजेनंतर गाडीने पुण्याहून दापोलीला जायचंय. आमची लॅब्रॅडॉर घाट लागला की ओकते. शिवाय भेट द्यायचे फराळाचे डबे गाडीतच असतील. काय काळजी घ्यावी?

उत्तर : निघण्याआधी चार तास खाणं बंद, पाणी थोडं थोडं द्या. मागच्या सीटवर छातीचा पट्टा बेल्टला अडकवून तोंड पुढे राहील असं बसवा. गळपट्ट्याला बेल्ट नको, ब्रेक लागला की मानेला हिसका बसतो. काच दोन बोटं खाली ठेवा. ताम्हिणीआधी दहा मिनिटं उतरवून फिरवा. तरीही ओकत असेल तर डॉक्टरांकडून मॅरोपिटंटची गोळी वजनानुसार लिहून घ्या. ती निघण्याआधी किमान दोन तास द्यायची असते. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीत पाच मिनिटंही सोडू नका.

डबे डिकीत, झाकण घट्ट! चकलीने फार तर पोट बिघडेल. खरी भीती लाडवातल्या मनुकांची आणि चॉकलेटची. अगदी थोड्या मनुकांनीही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. खाल्ल्याच तर मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. किती आणि केव्हा खाल्ल्या ते सांगून डॉक्टरांना लगेच फोन करा, लक्षणांची वाट पाहू नका.