निवेदनाला मुली, कॅमेऱ्याला मुलं

प्रश्न: ताई, नमस्कार. मी दांडिया बाजारात राहते, एम.ए.ला आहे. आमच्या गणेश मंडळातल्या मुलामुलींना वडोदऱ्यातल्या एका केबल वाहिनीने तरुणांसाठी दर रविवारी अर्धा तास दिला आहे. स्त्री-पुरुष समानतेवर काही भाग करू, असं मी सुचवलं. सगळे हो म्हणाले. पण कामं वाटताना निवेदन मुलींकडे आलं, आणि कॅमेरा, संकलन, विषय ठरवणं मुलांकडे गेलं. ‘पडद्यावर तर तुम्हीच दिसणार,’ असं त्यांचं म्हणणं. आई म्हणते, टीव्ही बघून कोण सुधारलंय? मी भांडू की गप्प बसू?

उत्तर: भांड. पहिल्या भागाचं चित्रीकरण व्हायच्या आत भांड, कारण एकदा घडी बसली की ती मोडायला कोणी राजी होत नाही.

आधी आईंची शंका. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, गोवा, तमिळनाडू अशा राज्यांतल्या गावांची पाहणी केली होती. ज्या गावांत मधल्या काळात केबल पोहोचली, तिथे नवऱ्याने मारलं तर त्यात गैर नाही असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट उतरला, घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला. ही कमाई उपदेशाच्या कार्यक्रमांची नव्हती. लोक बघत होते ते करमणुकीचंच, शहरातल्या बायकांच्या गोष्टी. तेव्हा आईंना सांग, फरक पडतो.

पण हेतू चांगला असून भागत नाही. ‘हम लोग’ ही मालिका १९८४ साली दूरदर्शनवर आली, ती कुटुंबनियोजन आणि स्त्रीचं स्थान हे विषय मनात धरूनच बेतलेली होती. त्यातली सोसत राहणारी आई, भागवंती, पाहून ‘असं जगायला नको’ असं वाटावं, ही अपेक्षा. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तर अनेकांनी तिलाच आदर्श मानलेलं! मी शिकवत असताना दर वर्षी हे सांगायचे, कारण आपल्या घरांत सोशिकपणाला मिळणारी शाबासकी किती खोल मुरलेली आहे ते यातून कळतं. तुमच्या भागात सोसणारी बाई आली, तर त्या सोसण्यात तिचं काय गेलं तेही दाखवा: सुटलेलं कॉलेज, मोडलेल्या पाटल्या, स्वतःच्या नावावर नसलेलं घर.

आता कॅमेरा. आपल्या शेजारी अहमदाबादला ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने १९८४ मध्ये भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बायकांना व्हिडिओ शिकवला. त्यांतल्या बऱ्याचजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी स्वतः चित्रीकरण केलं, आपल्या धंद्याचे प्रश्न मांडले, आणि ‘व्हिडिओ सेवा’ उभी राहिली. एम.ए.च्या मुलींना संकलन जमणार नाही, असं कोणी म्हणालं तर हे ऐकव.

हात बदलला की चित्र बदलतं, हे मी पाद्रा तालुक्यात विद्यार्थ्यांबरोबर पाहिलं आहे. सरपंचबाईंची मुलाखत होती आणि उत्तरं त्यांचे यजमान देत होते. कॅमेरा धरलेला मुलगा साहजिकच बोलणाऱ्यावर रोखून उभा. दुसऱ्या खेपेला कॅमेरा मुलीकडे होता. ती सरळ चुलीपाशी जाऊन बसली. डोक्यावरून लाज (घुंघट) ओढलेल्या त्याच बाई पाण्याच्या टाकीचा हिशोब घडाघडा सांगू लागल्या. यजमान बाहेर ओट्यावर राहिले.

म्हणून कामं फिरती ठेवा. या रविवारी कॅमेरा तुझ्याकडे, निवेदन मुलाकडे. पुढच्या रविवारी उलट. संकलनाला दोघं बसोत. विषयांच्या बैठकीत मुली निम्म्या हव्यात, आणि बैठक सगळ्यांना येता येईल अशा वेळी हवी. मुलाने निवेदन करताना ‘आमच्या घरी ताट कोण उचलतं’ हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तर ते घराघरांतल्या मुलांपर्यंत जास्त पोहोचेल.

पहिला भाग तुमच्या मंडळावरच करा. वर्गणीचं पावतीपुस्तक कोणाकडे असतं, मूर्ती कोण ठरवतं, रांगोळी आणि प्रसाद कोणाच्या वाट्याला येतो, कार्यकारिणीत किती मुली आहेत. नंतर कमाटी बाग घ्या: संध्याकाळी दिवे लागल्यावर बाकांवर कोण बसलेलं दिसतं? मग कधी सयाजीराव महाराजांच्या पत्नी, महाराणी चिमणाबाई, यांच्यावर एक भाग. बायकांच्या स्थितीवर त्यांनी १९११ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं, १९२७ ला पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आपल्या गावची ही बाई, आणि शाळेला त्यांचं नाव आहे यापलीकडे मुलांना काही ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रक्षेपणाच्या वेळी एखाद्या वाड्यात वीस-पंचवीस जणांना एकत्र बसवून भाग दाखवा आणि नंतर बोलतं करा. सासवांनाही बोलवा.

प्रश्न: माझी मुलगी अशाच एका कार्यक्रमासाठी काम करते. चित्रीकरणामुळे रात्री उशीर होतो. तिला थांबवावं का? (एक वडील, रावपुरा)

उत्तर: थांबवू नका, दादा. उशीर हा कामाच्या आखणीतला दोष आहे, तो आखणाऱ्यांकडून दुरुस्त करून घ्या. इतर पालकांना घेऊन वाहिनीच्या व्यवस्थापकांना भेटा. चित्रीकरण दिवसा ठेवा, रात्रीचं अटळ असेल तर घरापर्यंत गाडी द्या आणि चमूत किमान दोन मुली असू द्या, एवढं लेखी मागा. हा नियम मुलांनाही लागू करायला सांगा, म्हणजे ‘मुली घेतल्या की अडचण’ असं म्हणायला जागा राहणार नाही.