चोराचे ४६ हजार भरू नका, पण एफडी मोडाच

इचलकरंजीहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४४, एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेबनीस. शनिवारी मध्यरात्री त्यांच्या क्रेडिट कार्डावर परदेशी वेबसाइटवरून तीन व्यवहार झाले, मिळून ४६,८०० रुपयांचे. ओटीपी आला नाही, नुसते एसएमएस आले. रविवारी सकाळी सात वाजता ते पाहून त्यांनी लगेच फोन करून कार्ड बंद केलं. आता बिल आलंय. बँकेचा माणूस फोनवर म्हणतो, "आधी भरा, नाहीतर सिबिल खराब होईल, चौकशी नंतर बघू. हवं तर ईएमआय करून देतो." त्यांचा प्रश्न: मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली ३ लाखांची एफडी मोडून हे पैसे भरू का? सोबत वर्षाला २ हजारांचं 'कार्ड संरक्षण' घेण्याचाही आग्रह चालू आहे.

चोरीचं आधी सांगतो, कारण तिथे तुमची बाजू भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. तुमचीही चूक नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमच्यावर एक रुपयाही पडत नाही. चार ते सात दिवस लावले असते, तर तुमच्या अडीच लाख मर्यादेच्या कार्डावर दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १० हजारांची झळ बसली असती. त्यानंतर बँकेच्या धोरणावर सगळं अवलंबून. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः कुणाला सांगितला असता, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. तुम्ही तसं काही केलेलं नाही. उलट चूक तुमची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. वाद मिटेपर्यंत त्या व्यवहारांवर व्याज-दंडही लावता येत नाही.

तेव्हा 'आधी भरा' ऐकू नका. आणि ते ईएमआय तर अजिबात करून घेऊ नका. हप्ते बांधून घेतले की रक्कम तुम्ही मान्य केली असंच उद्या बँक म्हणणार. तुमची खरी कमजोरी एकच: तुम्ही फक्त फोन केला, तक्रार क्रमांक घेतला नाही. कार्ड बंद झाल्याचा रविवारचा एसएमएस पुसू नका, वेळेचा पुरावा तोच आहे. आजच ईमेल करा, तिन्ही व्यवहार आणि ती वेळ लिहा, क्रमांक मागा. १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर सायबर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, पैसे पडत नाहीत.

आता तुम्ही न विचारलेलं. बिलाचे जे फोटो तुम्ही पाठवलेत, त्यातल्या तिसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: फायनान्स चार्जेस, म्हणजे न फेडलेल्या बाकीवरचं व्याज, ६,२९०. त्याखाली जीएसटी १,१३२. ही रक्कम चोरीची नाही. दोन वर्षांपूर्वी पत्नीच्या ऑपरेशनचे १ लाख ८० हजार तुम्ही कार्डावर भरलेत आणि तेव्हापासून दर महिन्याला 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, म्हणून ९ हजार भरताय. पत्रात लिहिलंय, "एकही हप्ता चुकवला नाही." तुमची सचोटी दिसते, पण तो हप्ता नव्हेच.

हिशेब पाहा. १ लाख ८० हजारांवर महिना साडेतीन टक्के म्हणजे ६,३००. जीएसटी धरून ७,४००. तुमच्या ९ हजारांतून मुद्दलात गेले १,६००. त्याच महिन्यात कार्डावर पेट्रोल भरलंत साधारण तेवढ्याचंच. बाकी जिथल्या तिथे. जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणून त्या पेट्रोललाही पहिल्या दिवसापासून व्याज. दोन वर्षांत भरलेत २ लाख १६ हजार, त्यातले पावणेदोन लाखांवर व्याज आणि करात गेले. देणं आजही १ लाख ८० हजारच.

चोराने नेले ४६,८००, आणि ते परत मिळवून देणारा नियम आहे. हे पावणेदोन लाख परत मिळवून देणारा कुठलाच नियम नाही. मला राग येतो तो फोनवरच्या त्या माणसाचा, कारण तुमचं बिल त्याच्यासमोर उघडं असतं आणि तरी तो संरक्षण योजना विकतो.

तुमची एफडी वर्षाला ७ टक्के देते, कार्ड करासकट वर्षाला जवळजवळ ५० टक्के घेतं. म्हणून एफडी मोडा. मुदतीपूर्वी मोडल्याचा एखादा टक्का कापतील, ३ हजारांच्या आसपास. कार्डाच्या अर्ध्या महिन्याच्या व्याजाहून कमी. चोरीची रक्कम वगळून बाकी सगळं देणं एकरकमी फेडा. "दिवाळीच्या बोनसमधून फेडेन" असं तुम्ही लिहिलंय. बोनस ४० हजार, आणि दिवाळीपर्यंतचे पाच महिने थांबण्याचं व्याज ३७ हजार. तो विचार सोडा.

हातात १ लाख २० हजार उरतील. तेच ९ हजार आता दरमहा बँकेच्या रिकरिंग ठेवीत टाका. दोन वर्षांत मुलीच्या सीईटीपर्यंत दोन्ही मिळून साडेतीन लाखांच्या पुढे जाल, आणि डोक्यावर कर्ज नसेल. मुलीच्या पैशाला हात लावायचा नाही असं तुम्ही ठरवलं होतं, पण तो पैसा आजवर कार्डाचं व्याजच राखत होता.

कार्ड संरक्षणाला नाही म्हणा. नवीन कार्ड आलं की ॲपमधला परदेशी व्यवहारांचा खटका बंद ठेवा, फुकट आहे. वाचलेले २ हजार कुटुंबाच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यात घाला. ऑपरेशनच्या वेळी तो नव्हता, म्हणून हे सगळं झालं.

ईमेल आधी पाठवा, एफडीचं काम सोमवारी करा. तक्रार क्रमांक मिळाला की मला कळवा.