१९ फुटी श्रिम्पर, एनआरई एफडी आणि मॉर्गेज: पैसे कुठे घालावेत?

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर फेअरहॅमला राहता, वय ४४, दोघांचे पगार, घरखर्च महिना २,६०० आणि सगळं जाऊन वर साधारण ९०० पाउंड उरतात. कॅश आयसात (इथलं करमुक्त बचत खातं) २२,००० आहेत ४ टक्क्यांनी, भारतात सात महिन्यांपूर्वी केलेली एक एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांची मुदत ठेव) आहे, आणि मॉर्गेजचं १.९ टक्क्यांचं फिक्स (ठरलेल्या दराची मुदत) पुढच्या वर्षी संपतंय. देवगडला वाढलात त्यामुळे शिडाची बोट डोक्यातून जात नाही, म्हणून कॉर्निश श्रिम्पर १९ ही १९ फुटी बोट घ्यायचीय. दोन बघून ठेवल्यात. एक १९८०च्या दशकातली, आउटबोर्डवाली (सुट्या, काढता येणाऱ्या इंजिनाची), ट्रेलरसकट ९,५०० ला. दुसरी बरीच नंतरची, आत यानमारचं डिझेल, एकदम चकाचक, मरीनात (बोटी ठेवायच्या भाड्याच्या धक्क्यात) उभी, १९,५०० ला. वहिनींचं म्हणणं, गपचूप मॉर्गेजमध्ये टाका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली घ्या, दुसरी विसरा, आणि मॉर्गेजला सध्या हात लावू नका.

वहिनींचा मुद्दा एरवी बरोबर असतो पण इथे १.९ टक्क्यांचं कर्ज फेडायला तुम्ही ४ टक्के मिळवणारे पैसे काढणार, म्हणजे हा उघड तोटा झाला. फिक्स संपेल तेव्हा नवा रेट बघा, तो आयसापेक्षा जास्त असेल तर तेव्हा एकरकमी भरा. एफडी तर अजिबात मोडू नका, एनआरई एफडी वर्ष पूर्ण व्हायच्या आत मोडली तर व्याज शून्य मिळतं. आणि जाता जाता, ते व्याज तिकडे टॅक्स-फ्री असलं तरी तुम्ही इतकी वर्षं इथले रेसिडेंट आहात, तेव्हा इथल्या टॅक्समध्ये ते दाखवावं लागतं. दाखवताय ना? नसेल तर बोटीच्या आधी ते निस्तरा.

आता बोट. लोक किंमत बघून घाबरतात पण या बोटीत किंमत हा खरा खर्चच नाहीये. रॉजर डाँग्रेचं डिझाइन, १९७९ पासून कॉर्नवॉलला रॉक गावात फायबरग्लासमध्ये बनायला लागली आणि हजाराच्या वर बनल्या, त्यामुळे गिऱ्हाईक कायम असतं आणि नीट ठेवलेली जुनी बोट घेतल्या भावाच्या आसपास विकली जाते. ९,५०० जळत नाहीत, अडकतात. अडकल्याचं भाडं म्हणजे आयसाचं बुडलेलं व्याज, वर्षाला ३८०. खरा पैसा जातो तो दरवर्षीच्या ठेवण्यात, आणि तो किती जाणार हे बोटीच्या बांधणीवरच ठरतं.

श्रिम्परला खाली-वर होणारी लोखंडी सेंटरप्लेट (तळातून पाण्यात सोडायची पात) आहे. ती वर घेतली की बोटीला जेमतेम दीड फूट पाणी लागतं, खाली सोडली की चार फूट. म्हणजे ओहोटीला जिथे नुसता चिखल उरतो तिथेही ही बांधता येते, पाणी गेलं की आपल्या लांब उथळ कीलवर (तळाच्या कण्यावर) चिखलात बसून राहते. तुमच्या फेअरहॅम क्रीकला अशाच जागा आहेत आणि तुम्हीच लिहिलंय की वर्षाला ४५० पाउंडांत मिळतेय, तर मरीनाचं कोटेशन २,९०० चं आहे. ते एवढं का आलं सांगू? मरीनावाले लांबी बाउस्प्रिटसकट मोजतात, त्यामुळे तुमची १९ फुटी बोट बिलावर साडेबावीस फुटी होते. नाळेपुढे काढलेल्या त्या दिमाखदार दांड्याचं भाडं दरवर्षी भरायचं.

दुसरं म्हणजे डोलकाठी बिजागरीवर आडवी करता येते, क्रेन लागत नाही. बोटीचं वजन साधारण १,०६० किलो, त्यात ट्रेलर, इंजिन, नांगर, सामान धरलं तर दीड टनाच्या आसपास जातं. डिसेंबर २०२१ पासून इथे साध्या कार लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंत ट्रेलर ओढता येतो, पण लायसन्स चालतं म्हणून गाडी ओढेलच असं नाही. तुमची हायब्रिड आहे, बऱ्याच हायब्रिडना टोइंगची परवानगी एकतर नसते किंवा फार कमी असते, ती आधी गाडीच्या कागदांत बघा. जमलं तर हिवाळ्यात बोट ड्राइव्हवेवर उभी राहील आणि यार्डाचे पैसे वाचतील. नाहीच जमलं तर वर्षातून दोनदा कोणाला तरी पैसे देऊन ओढून न्या, त्यासाठी गाडी बदलत बसू नका.

वापराचं काय, हा प्रश्न मला बोटीवाल्यांना नेहमी विचारावा लागतो. ही गॅफ रिगची आहे, म्हणजे शिडाच्या वरच्या कडेला एक तिरकी काठी, ती चढवायला दोन दोर, एक डोलकाठीजवळचं टोक ओढतो आणि दुसरा बाहेरचं टोक वर उचलतो. दुसरा दोर सैल राहिला तर शिडाला तिरकी सुरकुती पडते आणि बोट रडतखडत चालते. वारा बाजूने किंवा मागून असला की मजा आहे, जड असल्यामुळे डगमगत नाही, पाच-साडेपाच नॉट आरामात. पण वाऱ्याच्या तोंडावर जायचं म्हटलं की आधुनिक बोटींइतकी वर चढत नाही. सोलेंटमध्ये (तुमच्या समोरच्या सामुद्रधुनीत) नैर्ऋत्येचा वारा आणि त्याच्या विरुद्ध वाहणारी ओहोट असली की आखूड उंच लाटा उठतात, त्यात ही ठेचकाळत थांबते आणि पलीकडच्या बेटावरचं काउझ बंदर समोर दिसत असून येत नाही. वारा वाढला की सुकाणू हाताला ओढायला लागतं, तेव्हा रीफ लवकर करायचा, म्हणजे शीड आवळून लहान करायचं. केबिनमध्ये दोघं झोपू शकतात पण उभं राहता येत नाही, तेव्हा पाहुण्यांना घेऊन पार्टीचा बेत असेल तर ही ती बोट नव्हे.

आणि चिखलातल्या स्वस्त जागेची किंमत वेळेत मोजावी लागते. भरतीच्या अलीकडे-पलीकडे काही तासच निघता-परतता येईल. मुलीची शनिवारी मराठी शाळा आहे म्हणता, मग शाळा आणि भरती दोन्ही सांभाळून महिन्यात किती वेळा जमेल ते टाइड टेबल (भरती-ओहोटीचं वेळापत्रक) घेऊन वहिनींबरोबर बसून बघा. महिन्यात एकदाच जमत असेल तर भाड्याने बोट घेणं कधीही स्वस्त.

हिशोब: २२,००० मधून ९,५०० बोटीचे आणि सर्व्हे, लाइफजॅकेटं, दोर वगैरे मिळून १,५०० गेले तर ११,००० उरतात, म्हणजे चार महिन्यांचा घरखर्च. मला हे चालतं. दुसरी घेतलीत तर हजारभर उरतात, आणि वर डिझेलचं सर्व्हिसिंग, वर मरीना. म्हणून नाही म्हणतोय, बोट वाईट आहे म्हणून नाही. कर्ज काढून तर नकोच. जागा, विमा, तळाचा रंग, इंजिन, कधीतरी नवीन शिडं आणि तारा यासाठी ९०० मधले १५० दरमहा वेगळ्या खात्यात टाका, आणि पेन्शनमध्ये कंपनी मॅच करते (तुम्ही भराल त्यावर स्वतःची भर घालते) तेवढं तुम्ही पूर्ण भरताय की नाही ते लिहिलेलं नाही, भरत नसाल तर ते या १५० च्या आधी.

शेवटचं, इथे छोट्या बोटीला गाडीसारखं सक्तीचं रजिस्ट्रेशन नसतं. मालक स्मॉल शिप्स रजिस्टरचा (छोट्या बोटींच्या नोंदवहीचा) कागद दाखवेल, पण तो मालकीचा पुरावा नव्हे. जुनी बिल्स ऑफ सेल (खरेदी-विक्रीचे कागद) मागा, एकापाठोपाठ एक जुळतात का बघा, आणि बोटीवर कोणाचं कर्ज नाही हे बिलात लिहून घ्या. सर्व्हेअर तुम्हीच नेमा, मालकाने सुचवलेला नको. बोट पट्ट्यांवर उचललेली असताना प्लेट पूर्ण खाली सोडून दाखवायला सांगा, चिखलात बसणाऱ्या बोटींच्या प्लेटच्या खाचेत खडे अडकतात आणि मालक "जरा घट्ट आहे" म्हणून विषय संपवतो. ट्रेलरचे ब्रेक आणि बेअरिंगही खाऱ्या पाण्याने गेलेले असतात, ते फिरवून बघा आणि त्याच्यावरून दोन-तीनशे कमी करून मागा.