मुलगी एडिटिंग करीन म्हणते, पण पोट भरेल का?

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. नात्यातल्या लग्नांचे व्हिडिओ जोडते, पुढे सिनेमाचं एडिटिंग नाहीतर साउंड करीन म्हणते. एका वरातीच्या व्हिडिओत जनरेटरची घरघर आली, म्हणून तिने आजीच्या बांगड्यांचा आवाज घरात रेकॉर्ड करून त्यात बसवला आणि त्यापायी दोन रात्री जागली. 'हल्ली मोबाइलवर कुणीही एडिटिंग करतं. त्यापेक्षा इंजिनिअरिंग बरं नाही का?' असं ते विचारतात.

सप्रेम नमस्कार,

त्या दोन रात्री वाया गेल्या असं तुम्हाला वाटतंय. मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. तिने जे केलं त्याला सिनेमात फोली म्हणतात. पावलं, बांगड्या, भांडी यांचे आवाज चित्र पाहत पाहत स्टुडिओत नव्याने रेकॉर्ड करायचे. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, तिच्या कानाला खटकलं म्हणून तिने केलं.

क्लिपा जोडणं आज कुणालाही येतं, हे खरं. पण मुलगा नापास झाल्याचं वडिलांना सांगतोय, असा प्रसंग घ्या. बोलणाऱ्या मुलावर राहायचं, की ऐकणाऱ्या वडिलांवर जायचं? गेलो तर कुठल्या शब्दावर? सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं असतात. सहा फ्रेम आधी कापलं तर वडील चिडलेले वाटतात, सहा फ्रेम थांबलं तर खचलेले. मजकूर तोच, अर्थ वेगळा. हे ठरवतो तो एडिटर, आणि त्यासाठी तोच प्रसंग पन्नास वेळा पाहायची चिकाटी लागते.

सुरुवात मात्र असिस्टंट म्हणून होते. शूटिंगचं फुटेज आलं की दोन-दोन हार्डडिस्कवर कॉपी करायचं, शॉटच्या सुरुवातीला वाजवतात ती क्लॅपची पाटी पाहून चित्र आणि आवाज जुळवायचा, सीन-शॉट-टेकप्रमाणे नावं द्यायची. चित्र लॉक झालं, म्हणजे त्यात आता बदल नाही असं ठरलं, की साउंडवाल्यांना सगळे ट्रॅक नीट लावून द्यायचे. मग तिकडे संवादांची सफाई, डबिंग, फोली, वातावरणाचे आवाज आणि शेवटी हे सगळे एकत्र बसवायचं मिक्सिंग. कंटाळवाणं वाटेल, पण हात इथेच तयार होतो.

पैशाचं स्पष्ट सांगते. पहिली काही वर्षं ओढाताणीची असतात. काम प्रोजेक्टवर मिळतं, पैसे उशिरा येतात, मुंबईतलं भाडं थांबत नाही. मालिकांत काम नियमित, पण एपिसोड द्यायचा असेल तर रात्र स्टुडिओतच जाते. जाहिराती, वेबसिरीज, माहितीपट, डबिंग इथेही कामं आहेत. हात बसला आणि माणूस भरवशाचा आहे असं कळलं की एकाच्या ओळखीने दुसरं काम येतं.

शिक्षणाबद्दल माझं मत: बारावीनंतर बी.एस्सी. फिजिक्स. पुण्याची एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था १९६० पासून प्रभात स्टुडिओच्या जागेत आहे. तिथे एडिटिंग आणि साउंड असे दोन वेगळे, तीन-तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. दोन्हींना पदवी लागते आणि साउंडसाठी बारावीला फिजिक्स असावं लागतं. म्हणजे तिचं सायन्स फुकट जात नाही. २००९ साली ध्वनीसाठी ऑस्कर मिळालेले रसूल पूकुट्टी फिजिक्सचेच पदवीधर आणि याच संस्थेचे विद्यार्थी. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची अशीच संस्थाही आहे. दोन्हीकडे जागा मोजक्या, म्हणून पदवी हातात हवीच. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग साउंडला उपयोगी पडतं, पण तिचं मन नसताना चार वर्षांची फी भरू नका. तसंच, सहा महिन्यांत एडिटर बनवतो म्हणणाऱ्या महागड्या क्लासपासूनही लांब राहा.

चित्र की आवाज, हे आजच ठरवायला नको. अमेरिकेतल्या वॉल्टर मर्च यांना १९९७ साली एकाच चित्रपटासाठी दोन्हींची ऑस्कर मिळाली होती.

तोवर तिला चांगला हेडफोन आणि एक हार्डडिस्क घेऊन द्या. कॉम्प्युटर बऱ्यापैकी असेल तर डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. त्यात चित्र आणि आवाज दोन्हींचं काम होतं. पहाटेच्या एसटी स्टँडचं शूटिंग करून त्याची तीन मिनिटांची, एकही संवाद नसलेली फिल्म करायला सांगा. आधी फक्त चित्र जोडायचं, मग त्यावर एकेक आवाज चढवायचा. महिन्याभराने ती आपणहून पुन्हा उघडून दुरुस्त करायला बसली, तर मला कळवा.

आणि तो वरातीचा व्हिडिओ तुम्ही स्वतः हेडफोन घालून पाहा. आधी जनरेटरचा, मग तिने केलेला.