ओटीपोट दुखतं आणि वजनही उतरतंय

प्रश्न : वय ३२. आठ महिन्यांपासून ओटीपोट दुखतंय, संध्याकाळी अंगात कसर असते. पाळी चार दिवसांवरून दीड दिवसावर आली. काही न करता वजन ५४ वरून ४८ किलो झालं. ‘इन्फेक्शन’ म्हणून तीनदा गोळ्या झाल्या. सोनोग्राफी नॉर्मल. आता पिशवी काढायला सांगितलंय. काढू का? — एक वाचक, जालना

उत्तर : ताई, पिशवीचा विषय तूर्त बाजूला ठेवा. निदान झालेलं नाही, मग काढायचं ते कशासाठी? सहा ते बारा महिन्यांत आपोआप ५ टक्के वजन घटलं तरी कारण शोधावं लागतं. तुमच्या बाबतीत ते पावणेतीन किलो होतं, तुमचं सहा किलो गेलंय.

कसर, कमी झालेली पाळी आणि घटलेलं वजन एकत्र आलं की जननमार्गाचा टीबी आधी तपासायला हवा. हे जंतू बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे गर्भनलिकांत पोचतात, तिथून पिशवीच्या अस्तरात. म्हणून खोकला नसतो, छातीचा एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. सुरुवातीला सोनोग्राफीतही काही दिसत नाही.

तपासणीसाठी अस्तराचा तुकडा पाळीच्या आधीच्या आठवड्यात घेतात. तेव्हा अस्तर जाड असतं. पाळीत ते गळून गेलं की पुरावाही जातो. दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी लघवीची तपासणी करा. आता नेमकी चूक कुठे होते ते सांगते. सवयीने सगळा तुकडा फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत टाकला जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, होतच नाही. म्हणून आधीच विचारा, ‘दोन बाटल्या आहेत ना?’ एक फॉर्मॅलिनची, पॅथॉलॉजीसाठी. दुसरी साध्या सलाईनची, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी यंत्रावरची चाचणी) आणि कल्चरसाठी. कल्चरला सहा आठवडेही लागतात. जंतू थोडेच असतात, त्यामुळे एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाहीच असं धरू नका. संशय उरला तर पोटात दुर्बीण घालून बघावं लागतं.

जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या. त्यांत लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक असेल तर आवर्जून दाखवा; त्याने टीबीचे जंतू काही काळ दबतात, बरं वाटतं आणि निदान लांबतं. थायरॉइड, साखर, एचआयव्हीही तपासून घ्या. रक्तातलं सीए-१२५ (कॅन्सरच्या संशयात तपासतात ते प्रथिन) वाढलेलं दिसलं तर लगेच कॅन्सर समजू नका, टीबीतही ते वाढतं.

टीबी निघालाच तर औषधं साधारण सहा महिने, सरकारी दवाखान्यात मोफत. डोस वजनावर ठरतो, म्हणून तिथल्याच काट्यावर वजन करा. दोन महिन्यांत भूक लागते, वजन चढतं आणि तिथेच बऱ्याच जणी गोळ्या सोडतात. तसं करू नका.

मात्र पाळी चुकून एकाएकी जोराची कळ आली किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : आईचं वय ५८. पोट फुगतं, दोन घासांत भरतं, वजन उतरतंय. गॅसच्या गोळ्या चालू आहेत. — एक वाचक, सांगली

उत्तर : या वयात हे रोजचं झालं असेल तर बीजकोशाचा कॅन्सर नाही ना, हे आधी पाहायचं. याच आठवड्यात योनीमार्गे सोनोग्राफी आणि सीए-१२५ करून घ्या. पॅप चाचणी (पिशवीच्या तोंडाची तपासणी) स्वच्छ असली तरी तिने बीजकोशाचं काही कळत नाही. गाठ दिसलीच तर सुई घालून तिच्यातलं पाणी काढू देऊ नका. गाठ कॅन्सरची असेल तर तो पोटात पसरू शकतो.