रोबो आर्मचा मध्येच बसणारा झटका: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (भोसरी): आमच्या आर्मला हुकूम देणारा कंट्रोल लूप लिनक्सवर 1 किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 1000 फेऱ्यांनी चालतो. एका फेरीची सरासरी वेळ बरोबर 1 मिलिसेकंद येते, तरी तासातून एखादा झटका बसतोच. असं का होतं?

उत्तर: सरासरीत हा दोष दिसणारच नाही. एक फेरी 4 मिलिसेकंद उशिरा आली तरी सरासरी तशीच राहते, पण झटक्याला ती एकच फेरी पुरते. प्रत्येक फेरीची वेळ आधीच राखून ठेवलेल्या अ‍ॅरेत टाका आणि आर्म थांबल्यावर कमाल उशीर बघा. लूपमध्ये प्रिंट किंवा फाइल लिहिणं नको, त्यानेच उशीर होतो.

मग प्रोसेसरच्या त्याच कोअरवर, त्याच प्रायॉरिटीने (अग्रक्रमाने) सायक्लिकटेस्ट रात्रभर चालवा; थ्रेडला जाग यायला किती उशीर होतो ते हा प्रोग्रॅम मोजतो. त्या वेळी कॅमेरा, नेटवर्क, डिस्क सगळं चालू हवं. रिकाम्या मशीनवरचा आकडा निरुपयोगी. तिथेही मोठे आकडे आले तर कर्नल (लिनक्सचा गाभा), बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) आणि प्रोसेसरची वीजबचत तपासा. आकडे लहान आले तर आपला कोड उघडा. माझा पहिला संशय म्युटेक्सवर असतो, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या एका स्वतंत्र कामाला) आत सोडणाऱ्या कुलपावर. नोंदी लिहिणाऱ्या, कमी प्रायॉरिटीच्या लॉगिंग थ्रेडने तो धरून ठेवलाय, मधल्या प्रायॉरिटीचा थ्रेड त्या लॉगिंगला चालू देत नाही आणि कंट्रोल लूप ताटकळतो. 1997 साली मंगळावर नासाच्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने पुन्हापुन्हा रीसेट होत होता. प्रायॉरिटी इनहेरिटन्स (म्युटेक्स धरणाऱ्या थ्रेडला, वाट बघणाऱ्याची वरची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) चालू केल्यावर ते रीसेट थांबले. तुमच्या म्युटेक्सलाही ते लावा. लूपमध्ये मेमरी मागू नका, सुरुवातीलाच एमलॉकऑल करा, म्हणजे प्रोग्रॅमची मेमरी रॅममध्येच पक्की राहते.

प्रश्न (चाकण): कंट्रोल लूपच्या थ्रेडला फिफो 99, म्हणजे लिनक्समधली सर्वांत वरची रिअल-टाइम प्रायॉरिटी दिली, तरी तो दर सेकंदाला 50 मिलिसेकंद थांबतो.

उत्तर: तुमचा लूप झोपतच नाही, नुसता वाट बघत फिरतोय. लिनक्स रिअल-टाइम (वेळेवर झालंच पाहिजे अशा कामाच्या) थ्रेडना डीफॉल्टने सेकंदातले 950 मिलिसेकंदच देतं. ही मर्यादा काढू नका. थ्रेड अडकला तर अख्खं मशीन हातचं जाईल, आणि समोर फिरता आर्म आहे. थ्रेडला झोपवायला क्लॉक-नॅनोस्लीप हे फंक्शन वापरा, तेही पुढच्या फेरीची ठरलेली वेळ देऊन. ‘आतापासून 1 मिलिसेकंद’ असं झोपवलं तर कामाचा वेळ त्यात मिळून लूप हळूहळू मागे पडतो. आणि 99 नको, तिथे कर्नलचे स्वतःचे थ्रेड असतात. 80 पुष्कळ झालं.

प्रश्न (कर्वेनगर, विद्यार्थिनी): रिअल-टाइमसाठी लिनक्सच्या कर्नलला अजून वेगळा पॅच (बाहेरून जोडायचा कोड) लावावा लागतो का?

उत्तर: नोव्हेंबर 2024 मधल्या 6.12 कर्नलपासून प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे तोच रिअल-टाइमचा कोड, मुख्य लिनक्समध्येच आहे. पण ते आपोआप चालू नसतं. कर्नल बांधताना निवडावं लागतं.